ओळखीचे शब्द, अनोळखी अर्थ

परका शब्द वाचकाला थांबवितो; तो कोश उघडतो. ओळखीचा शब्द थांबवीत नाही, म्हणूनच तो अधिक फसवितो. बौद्ध परिभाषा वाचताना मराठी माणसाची अडचण होते ती नेमकी येथे.

'वेदना' हाच शब्द घ्यावा. मराठीत वेदना म्हणजे यातना. पालीत मात्र तो अनुभवमात्राचा वाचक आहे. सुखद, दुःखद आणि दोन्हींहून निराळी अशा तीन वेदना तेथे मानल्या आहेत. वेदनेतून तृष्णा उपजते, हा प्रतीत्यसमुत्पादातील दुवा मराठी अर्थाने वाचला, तर सुखाची चटकही माणसाला बांधते हे ध्यानातच येत नाही.

'राग' या शब्दाची गत याहून बिकट आहे. राग, द्वेष आणि मोह ही अकुशलाची तीन मुळे. येथे राग म्हणजे आसक्ती. मराठी वाचक त्याचा अर्थ क्रोध असा घेतो. मग क्रोध आणि द्वेष यांची जवळजवळ पुनरुक्ती होते व लोभ यादीतून निसटतो.

'निर्वाण' म्हणजे मृत्यू, ही समजूत तर सार्वत्रिक आहे. परंपरेप्रमाणे बुद्धांना बोधगयेस वयाच्या ३५ व्या वर्षी बोधी प्राप्त झाली. राग, द्वेष, मोह यांचा अग्नी विझला तो तेव्हाच. निर्वाण ते हेच. त्यानंतर ४५ वर्षे ते लोकांत हिंडून उपदेश करीत होते. कुशीनगरला झाले ते परिनिर्वाण.

हा काथ्याकूट केवळ पंडितांचा नव्हे. १९५६ साली नागपूरला झालेल्या धम्मदीक्षेनंतर महाराष्ट्रातील लाखो घरांत हे शब्द पोहोचले. चार आर्यसत्ये मूळ शिकवणीतील आहेत की भिक्षूंनी मागाहून घातलेली, आणि त्यांमुळे बुद्धांचा उपदेश निराशावादी ठरत नाही काय, असा रोखठोक प्रश्न डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या बुद्धविषयक इंग्रजी ग्रंथाच्या प्रस्तावनेत विचारला आहे. तो प्रश्न शब्दार्थापुरता नाही. पण तो तोलून पाहावयाचा, तर शब्द आधी नेमके कळले पाहिजेत. वेदना म्हणजे यातना आणि निर्वाण म्हणजे मरण असे धरून चालणाऱ्याने निराशावादाचा निकाल वाचनापूर्वीच दिलेला असतो.

धर्मानंद कोसंबींनी पालीचे भांडार मराठीत आणले, त्यालाही आता बराच काळ लोटला. वर्गात बुद्धचरित्र शिकविणाऱ्या शिक्षकाने फळ्यावर हे तीन शब्द लिहून त्यांचे दोन्ही अर्थ शेजारी मांडले, तरी धड्याला वेगळाच उजाळा मिळेल.