शाळेसाठी की-बोर्डची निवड

प्राथमिक शाळेचा दिवस गाण्याने सुरू होतो. प्रार्थना, राष्ट्रगीत, राज्यगीत आणि समूहगीत यांचा परिपाठ रोज होतो. परंतु गाण्याचा पहिला सूर कोणता असावा याचा विचार क्वचितच होतो. शिक्षक आपल्या गळ्याला मानवेल असा सूर लावतात व मुले तो उचलतात. सूर खाली लागला तर लहान मुलांचा आवाज आरंभीच बुडतो. वर लागला तर राष्ट्रगीताच्या अखेरच्या जयघोषात, जेथे चाल तार षड्जापर्यंत चढते, तेथे आवाज फाटतात. काही मुले ओरडतात, काही गप्प होतात. गप्प झालेल्या मुलावर 'बेसूर' असा शिक्का बसतो आणि तो पुष्कळदा जन्मभर पुसला जात नाही. वस्तुतः दोष त्याच्या गळ्याचा नसतो, पट्टीचा असतो.

हा दोष दूर करण्यास स्थिर सुराचे एखादे वाद्य शाळेत असणे उपयुक्त ठरते. पूर्वी हे काम पेटी करीत असे. अलीकडे पुष्कळ शाळा लोकवर्गणीतून विजेवर अथवा सेलवर चालणारा की-बोर्ड घेऊ लागल्या आहेत. हे वाद्य हलके असते, भाता मारावा लागत नसल्याने दोन्ही हात मोकळे राहतात आणि धुळीने वा दमट हवेने त्याचे सूर उतरत नाहीत. तथापि निवड चुकली तर गावाचा पैसा कपाटात पडून राहतो. यास्तव खरेदीपूर्वी पुढील गोष्टी पाहाव्यात. शाळेत दुरुस्त होण्याजोगी पेटी असेल तर प्रथम ती दुरुस्त करून घ्यावी. नवे वाद्य घेतलेच पाहिजे असे नाही.

पट्ट्यांची संख्या. एका सप्तकात ७ पांढऱ्या व ५ काळ्या अशा १२ पट्ट्या असतात. मोठ्या पियानोला ८८ पट्ट्या असतात. ते वाद्य जड व महाग असून शाळेच्या कामाला अनावश्यक आहे. ६१ पट्ट्यांच्या की-बोर्डमध्ये पाच सप्तके येतात व ४९ पट्ट्यांच्या वाद्यात चार. नेहमीच्या पेटीत तीन ते साडेतीन सप्तकेच असतात, हे लक्षात घेता गाण्याच्या साथीला ४९ पट्ट्या पुरेशा आहेत. दोन्ही हातांनी वाजविण्याचा अभ्यास करावयाचा असेल, तर ६१ पट्ट्यांचे वाद्य घ्यावे.

पट्ट्यांची रुंदी. संख्येपेक्षाही ही बाब महत्त्वाची आहे. बाजारात बारीक पट्ट्यांची स्वस्त वाद्ये मिळतात. मुलांची बोटे लहान, तेव्हा पट्ट्याही लहान असाव्यात, हा विचार वरवर पटण्याजोगा वाटतो. पण तो फसवा आहे. अशा वाद्यावर बोटांना जे अंतर अंगवळणी पडते, ते पुढे पेटीवर किंवा मोठ्या वाद्यावर उपयोगी पडत नाही. शिक्षकाची बोटे तर त्यावर नीट बसतच नाहीत. दुकानात जाताना मोजपट्टी बरोबर न्यावी. लागोपाठच्या ७ पांढऱ्या पट्ट्यांची रुंदी सुमारे १६ ते साडेसोळा सेंटिमीटर भरली, तर पट्ट्या पूर्ण मापाच्या आहेत असे समजावे. ती याहून बरीच कमी असेल तर ते वाद्य खेळणे म्हणून ठीक, शिक्षणाचे साधन म्हणून नव्हे.

दाबाचा परिणाम. काही वाद्यांत पट्टी हळू दाबली तर आवाज हळू व जोराने दाबली तर मोठा येतो; काहींत कशीही दाबली तरी आवाज सारखाच येतो. पहिला प्रकार किंचित महाग असला तरी तोच घ्यावा. स्वर नाजूकपणे लावणे आणि ठासून लावणे यांतील भेद मुलाला बोटांतूनच कळू लागतो. तद्वतच, डाव्या हाताने तीन-चार पट्ट्या दाबून धरून उजव्या हाताने चाल वाजवून पाहावी. आधीचे स्वर मधेच तुटत असतील तर ते वाद्य बाजूस ठेवावे.

पट्टी बदलण्याची सोय. शाळेच्या दृष्टीने हा की-बोर्डचा सर्वांत मोठा गुण होय. नवशिक्या शिक्षकाला पांढरी एकमधूनच, म्हणजे दोन काळ्या पट्ट्यांच्या जोडीच्या लगत डावीकडे असलेल्या पांढऱ्या पट्टीला षड्ज मानून, वाजविणे सोपे जाते. मुलांना तो सूर खाली वाटला, तर बटणाने संपूर्ण वाद्य अर्ध्या अर्ध्या स्वराने वर नेता येते. बोटे मात्र त्याच पट्ट्यांवर फिरतात. राष्ट्रगीतासाठी मध्य सप्तकातील पांढरी एक ते पांढरी दोन यांमधला षड्ज प्राथमिक वर्गांना सामान्यतः मानवतो. ६१ पट्ट्यांच्या नेहमीच्या वाद्यावर हा मध्य षड्ज डावीकडून तिसरा येतो. एकदा योग्य सूर ठरला की तो परिपाठाच्या वहीत लिहून ठेवावा व रोज तोच द्यावा. मग परिपाठ कोणीही घेतला तरी मुलांचा सूर बदलणार नाही. वाद्य बंद करून पुन्हा सुरू केल्यावर ही योजना बहुधा मूळ स्थितीवर येते, हे मात्र विसरू नये.

वीज व आवाज. सकाळी परिपाठाच्या वेळी वीज असेलच अशी खात्री नसते. म्हणून सेलवरही चालणारे वाद्य घ्यावे. दीर्घ सुट्टीपूर्वी सेल काढून ठेवावेत. आत राहिल्यास ते पाझरतात व वाद्य निकामी होते. अडॅप्टर वाद्याबरोबरचाच वापरावा. दुसरा लावण्याचा प्रसंग आल्यास त्यावरील व्होल्ट व धन-ऋण खुणा वाद्यावरील खुणांशी जुळवून पाहाव्यात. अंगचे ध्वनिक्षेपक वर्गाला पुरतात, मैदानाला पुरत नाहीत. स्वातंत्र्यदिनी शाळेच्या ध्वनिवर्धकाला जोडता यावे म्हणून बाहेर तार काढण्याची सोय आहे ना, ते पाहावे.

ज्यांना भुलू नये अशा गोष्टी. विक्रेता बहुधा एक बटण दाबून आत भरलेली गाणी ऐकवितो व शेकडो आवाजांची यादी दाखवितो. शाळेला त्यांतील चार-पाच आवाज लागतात: पियानो, पेटीसदृश एखादा आवाज, बासरी आणि शक्य तर तानपुरा व तबला. भारतीय ग्राहकांसाठी काढलेल्या काही वाद्यांत हे शेवटचे दोन असतात व ते उपयोगी पडतात. आपोआप वाजणाऱ्या गाण्यांनी मात्र मुले श्रोते बनतात, गायक बनत नाहीत.

या वाद्याची मर्यादाही शिक्षकाने ओळखून असावे. पेटीप्रमाणेच की-बोर्डवरील स्वर ठरावीक जागी बांधलेले असतात. एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी मींड पट्ट्यांवर निघत नाही. अशाच कारणांवरून आकाशवाणीने १९४० पासून १९७१ पर्यंत पेटीला आपल्या कार्यक्रमांत स्थान दिले नव्हते. म्हणून वाद्याने सूर द्यावा, चाल पक्की करावी आणि मग थांबावे. गाणे बसल्यावर वाद्य बंद करून मुलांकडून म्हणवून घ्यावे व शेवटी षड्ज वाजवून सूर टिकला की उतरला, हे त्यांनाच ऐकू द्यावे. आपली चूक आपल्या कानाने ओळखणे हाच संगीत-शिक्षणाचा पाया आहे.

खरेदी करताना संगीत जाणणाऱ्या एखाद्या शिक्षकास बरोबर न्यावे, पावती व हमीपत्र घ्यावे, आणि वस्तूची जडसंग्रह नोंदवहीत नोंद करावी. परंतु नोंद झाली म्हणजे वाद्य कुलपात गेले असे होऊ नये. बिघडेल या भीतीने मुलांच्या हातापासून दूर ठेवलेले वाद्य बिघडलेल्या वाद्याइतकेच निरुपयोगी आहे. धूळ बसू नये म्हणून त्यावर कापडी खोळ घालावी. आठवड्यातून एक-दोनदा मधल्या सुट्टीत, शिक्षकांच्या देखरेखीखाली, दोन-दोन मुलांना ते वाजवू द्यावे.

आणि जे मूल परिपाठाला मागच्या रांगेत ओठ मिटून उभे राहते, त्यास प्रथम बोलवावे. त्याने सहज काढलेला आवाज कोणत्या पट्टीशी जुळतो ते शोधावे व तेथून पुढचा एकच स्वर त्याला म्हणावयास सांगावे. पुष्कळदा आढळून येते की मूल बेसूर नव्हतेच. त्याच्या गळ्याचा सूर त्याला आजवर कोणी दिला नव्हता.