फरशी पुसणारे हातही संसर्ग रोखतात

शस्त्रक्रिया उत्तम झाली, तरी नंतर जखम चिघळू शकते. त्यामागे न धुतलेले हात असतात, तसाच कधी खाटेचा कठडा किंवा सलाइनचा स्टँडही असतो. काही जिवाणू कोरड्या पृष्ठभागावर अनेक दिवस, कधी कित्येक महिने तग धरतात. ही साखळी तोडण्याचे काम सफाई कर्मचारी करतात.

या कामाचेही शास्त्र आहे. वॉर्डात कोरडा झाडू मारला की धुळीबरोबर जंतू उडतात, म्हणून ओल्या पोछ्याने पुसावे लागते. पुसताना स्वच्छ भागाकडून अस्वच्छ भागाकडे जायचे. एकाच बादलीतल्या गढूळ पाण्याने सगळा वॉर्ड पुसला, तर एका खाटेखालचे जंतू दुसऱ्या खाटेखाली पोहोचतात. म्हणून तीन बादल्या लागतात. दोन पोछा खळबळण्यासाठी, तिसरी जंतुनाशकाची. रक्त सांडले तर हातमोजे घालून ते आधी टिपायचे, मग १ टक्का हायपोक्लोराइट टाकून किमान दहा मिनिटे थांबायचे. हे द्रावण ॲसिडमध्ये मिसळले, तर विषारी क्लोरीन वायू तयार होतो.

जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांनुसार रक्ताळलेला कापूस पिवळ्या पिशवीत, प्लास्टिकच्या नळ्या लाल पिशवीत, सुया पांढऱ्या टणक डब्यात आणि काच निळ्या डब्यात जाते. सुई चुकून पिशवीत पडली, तर ती टोचते सफाई करणाऱ्याला. म्हणूनच या कर्मचाऱ्यांना हातमोजे, प्रशिक्षण आणि हिपॅटायटिस ‘बी’ची लस देणे रुग्णालयावर बंधनकारक आहे. सुई टोचल्यास जागा साबण-पाण्याने धुऊन लगेच डॉक्टरांना सांगावे. एचआयव्ही प्रतिबंधक औषध शक्यतो दोन तासांत, उशिरात उशिरा ७२ तासांत सुरू व्हावे लागते.

अहिल्यानगर हा क्षेत्रफळाने राज्यातला सर्वांत मोठा जिल्हा. अकोल्याच्या डोंगराळ वाड्यांपासून जामखेडपर्यंत अनेकांचा पहिला आधार प्राथमिक आरोग्य केंद्राचाच. तिथली प्रसूतीची खोली स्वच्छ असणे बाळ-बाळंतिणीच्या जिवाचा प्रश्न असतो. सरकारी दवाखान्यांच्या स्वच्छतेला गुण देणारी ‘कायाकल्प’ योजना २०१५ पासून आहे. पण गुण टिकतात ते रोज पोछा धरणाऱ्याला त्यामागचे कारण समजले तर. कमी शिकलेली माणसेही आरोग्याचे काम चोख करू शकतात, हे डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून जामखेडमध्ये गावोगावच्या महिलांना प्रशिक्षण देऊन दाखवून दिले आहे.

नातेवाइकांनीही कोपऱ्यात थुंकू नये, खरकटे खाटेखाली ठेवू नये आणि रुग्णाला हात लावण्याआधी स्वतःचे हात धुवावेत.