स्कॅनआधीचं बोलणं

न्यू जर्सी, अमेरिका



मुख्यतः पासष्टी ओलांडलेल्यांसाठी इथे मेडिकेअर हा सरकारी विमा आहे. फुप्फुसाचा कर्करोग लवकर कळावा म्हणून केलेल्या कमी किरणांच्या सीटी स्कॅनचे पैसे तो देतो, पण २०१५ पासून एक अट आहे. पहिल्या स्कॅनआधी डॉक्टरांनी रुग्णाशी बोलायचं, फायदा-तोटा उलगडून सांगायचा, सिगारेट सोडण्याचा विषय काढायचा, आणि मग दोघांनी मिळून ठरवायचं. रुग्ण 'नको' म्हणाला तरी ते उत्तर तितकंच योग्य.

हा स्कॅन सरसकट सगळ्यांसाठी नाही. वय ५० ते ७७, कोणतंही लक्षण नाही, आणि रोज एक पाकीट असं किमान वीस वर्षांचं किंवा तेवढ्याच हिशेबाचं धूम्रपान. सिगारेट सोडून पंधराहून अधिक वर्षं झाली असतील तर हा स्कॅन नाही.

या बोलण्यामागचे आकडे २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासाचे आहेत. धूम्रपानाचा मोठा इतिहास असलेल्या ५३ हजारांवर लोकांपैकी निम्म्यांचा तीन वर्षं दरवर्षी सीटी काढला, निम्म्यांचा छातीचा एक्स-रे. सुमारे साडेसहा वर्षांनी हिशेब मांडला. एक्स-रे गटात हजारामागे २१ जण या कर्करोगाने गेले होते, सीटी गटात १८. हजारात तीन जीव वाचले. मात्र त्याच हजारातल्या ३६५ जणांना नसलेल्या कर्करोगाची शंका सोसावी लागली. त्यातल्या २५ जणांच्या शरीरात त्यापायी सुई किंवा दुर्बीण घालावी लागली, आणि तिघांना त्यातून गंभीर त्रास झाला.

तीन जीव थोडे नाहीत, पण इतक्या घरांची झोप उडणंही थोडं नाही. यातलं काय पत्करायचं हे ज्याच्या छातीचा प्रश्न आहे त्यानेच ठरवावं, असं मला मनापासून वाटतं. मुलांकडे आलेले आपले आई-वडील इथेही 'डॉक्टर, तुम्हीच ठरवा' म्हणतात आणि होकार मुलगा देऊन टाकतो. ते बदलायला हवं.

नियम केला म्हणून बोलणं होतंच असंही नाही. २०१८ मध्ये संशोधकांनी अशा १४ भेटींची ध्वनिमुद्रणं ऐकली. स्कॅनच्या विषयाला सरासरी एक मिनिटही मिळालं नव्हतं, आणि तोट्यांचा तर जवळजवळ उल्लेखच नव्हता.

हे आकडे आपल्या पुण्यात जसेच्या तसे लावता येणार नाहीत. आपल्याकडे क्षयाचे जुने व्रण अनेकांच्या फुप्फुसात असतात आणि स्कॅनमध्ये ते गाठीसारखे दिसू शकतात, त्यामुळे खोटी शंका जास्त येणार. इथला हिशेब सिगारेटचा, आपल्याकडे बिडी. आणि चुलीपुढे आयुष्य काढलेल्या बाईने सिगारेट कधी हातातही धरलेली नसते. धूम्रपान न करणाऱ्यांच्या फुप्फुसविकाराकडे पुण्याच्या डॉ. संदीप साळवी यांनी २००९ साली 'लॅन्सेट'मधून जगाचं लक्ष वेधलं होतं. अशा बाईसाठी अमेरिकेच्या कसोटीत जागाच नाही. आपल्या सरकारी तपासणी मोहिमेत तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख यांचे कर्करोग आहेत, फुप्फुसाचा नाही.

म्हणून आरोग्य तपासणीच्या पॅकेजात आहे एवढ्यासाठी हा स्कॅन करून घेऊ नका. माझा धोका किती, गाठ दिसली तर पुढे काय आणि खर्च किती, हे आधी विचारा. बिडी-सिगारेट चालू असेल तर ती सोडा, स्कॅन करा किंवा न करा. आणि दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल किंवा थुंकीत रक्त दिसलं असेल, तर स्कॅनचा हा हिशेब तुम्हाला लागू नाही. थेट डॉक्टरांकडे जा.