साठीनंतरची बुद्धी

'साठी बुद्धी नाठी' असे आपण सहज म्हणून जातो. म्हातारं माणूस एखादी गोष्ट विसरले की घरातली पोरेसुद्धा हसतात. पण साठी आली म्हणजे बुद्धी गेलीच, असे नाही. आपल्याच गावात पाहा. कोणी पंच्याऐंशीची आजी चार पिढ्यांची सोयरीक बिनचूक सांगते. आणि कोणी पासष्टीतच पोटच्या लेकाला ओळखेनासा होतो. असे का होते?

आधी एक फरक ध्यानात घ्या. बाजारात छत्री विसरून आलो, हे वेगळे. बाजारातून घरी यायची नेहमीची वाटच विसरलो, हे वेगळे. पहिले वयामुळे होते. दुसरा आजार असू शकतो. त्याला स्मृतिभ्रंश म्हणतात. ही कोणाची करणी नव्हे, बाहेरची बाधा नव्हे. त्याला देवऋषी नको, डॉक्टर हवा. आपल्या देशात साठीच्या पुढच्या दर 100 माणसांत सुमारे 7 जणांना हा आजार आहे, असे पाहणीत दिसले आहे.

आता मेंदूचे पाहू. आपला मेंदू वजनाला दीड किलोही भरत नाही. पण त्यात अब्जावधी बारीक पेशी असतात आणि त्या एकमेकींना धाग्यांनी जोडलेल्या असतात. हे धागे म्हणजे मेंदूतले रस्ते समजा. आपल्या वारंगा फाट्यावरून एक रस्ता नांदेडला जातो, एक हिंगोलीला, एक हदगावकडे. समजा, नांदेडच्या रस्त्यावर ट्रक आडवा झाला. परगावचा ड्रायव्हर गाडी बंद करून बसून राहतो. पण ज्याने सारा मुलूख पायाखाली घातला आहे, तो गाडवाटेने, पाणंदीने, चार गावे फिरून का होईना, पोचतो.

मेंदूचेही तसेच आहे. आजार आला की काही रस्ते बंद पडतात. ज्याने जन्मभर नाना कामे केली, नवे शिकला, माणसांत वावरला, त्याच्या मेंदूत जास्तीच्या वाटा तयार असतात. एक बंद पडली तर दुसरीने काम भागते. आजार टळतो असे नाही, बरं का. तो आत असतो, पण त्याचा त्रास उशिरा दिसू लागतो.

हे कशावरून? अमेरिकेत 1986 साली एका संशोधकाने जोगिणींचा, म्हणजे ख्रिस्ती मठात राहणाऱ्या बायांचा, अभ्यास सुरू केला. 678 जणींनी त्यात भाग घेतला, आणि मेल्यानंतर आमचा मेंदू तपासा, अशी परवानगी दिली. त्यांतल्या एक सिस्टर मेरी. एकोणिसाव्या वर्षी त्या मास्तरीण झाल्या, तेव्हा शिक्षण आठवीपर्यंतचेच. पुढे सुट्टीत शिकत शिकत एक्केचाळिसाव्या वर्षी त्या शाळेची शेवटची परीक्षा पास झाल्या. वयाच्या 84 व्या वर्षापर्यंत त्यांनी शिकवले. 101 व्या वर्षी वारल्या. शेवटपर्यंत त्यांची स्मरणशक्ती चाचण्यांत चांगली उतरत होती. पण मेंदू तपासला तर काय? स्मृतिभ्रंशाच्या खुणा जागोजागी पसरलेल्या! आजार होता, आणि बाई मात्र शहाण्या होत्या.

तुम्ही म्हणाल, ती शिकलेली बाई. आमचा जन्म तर औतामागे गेला. तर हैदराबादचे ऐका. तिथल्या निजाम आयुर्विज्ञान संस्थेत डॉ. सुवर्णा अल्लाडी आणि त्यांच्या सोबत्यांनी स्मृतिभ्रंशाचे 648 रोगी तपासले. 2013 साली निष्कर्ष छापला. एकच भाषा बोलणाऱ्यांपेक्षा दोन किंवा जास्त भाषा बोलणाऱ्यांना हा आजार सुमारे साडेचार वर्षे उशिरा जडला होता. आणि शाळेचे तोंडही न पाहिलेल्या माणसांतही हा फरक दिसला! मास्तर माणसाला हे ऐकून चमत्कारिक वाटते, पण आहे तसे आहे. सगळ्याच संशोधकांना असाच फरक सापडला, असे मात्र नाही.

आपला मराठवाडा 1948 पर्यंत हैदराबाद संस्थानातच होता. फाट्यावर आजही मराठी, हिंदी, दखनी उर्दू, बंजारा बोली कानावर येते, आणि तिकडच्या ट्रकवाल्यांची तेलुगूसुद्धा. घरी एक बोली, बाजारात दुसरी, असे जो माणूस रोज करतो, त्याच्या मेंदूला रोज व्यायाम होतो. हळद उकडताना कांद नीट शिजला की नाही हे बोटांनी ओळखणे, मजुरांचा हिशोब तोंडी ठेवणे, भांडणात दोघांची समजूत घालणे, हेही मेंदूचेच काम आहे.

म्हणून मला एका रीतीचा राग येतो. बाप थकला की मुलगा मायेने म्हणतो, "बाबा, आता तुम्ही नुसतं बसा." व्यवहार काढून घेतो, विचारणे बंद करतो. म्हातारा ओसरीवर बसून राहतो. माणसांची ये-जा तुटणे हे या आजाराच्या कारणांतले एक मानले आहे. अंगमेहनत राहू द्या, पण सल्ला विचारा, नातवाला गोष्ट सांगायला लावा.

ठाणे जिल्ह्यात मुरबाड तालुक्यात फांगणे नावाचे गाव आहे. तिथे 2016 साली आजीबाईंची शाळा सुरू झाली. साठ ते नव्वद वर्षांच्या आज्या गुलाबी लुगडी नेसून, पाटी घेऊन शाळेत जाऊ लागल्या. शाळा अक्षरांसाठी काढलेली, आजारासाठी नव्हे. पण नवी गोष्ट शिकणे, घराबाहेर पडणे, चौघींत बसून हसणे, हे मेंदूला हवे असलेले सारे तिथे आपोआप घडते.

नुसत्या शिकण्याने भागत नाही. 2024 साली जगातल्या नामांकित डॉक्टरांच्या मंडळाने स्मृतिभ्रंशाला हातभार लावणारी 14 कारणे सांगितली. ती आवरली तर 100 पैकी सुमारे 45 रोगी टळतील किंवा लांबतील, असा त्यांचा अंदाज आहे. त्यांत कमी शिक्षण आहे, तसेच रक्तदाब, साखरेचा आजार, विडी-सिगारेट, फार दारू, डोक्याला मार, आणि कमी ऐकू येणे आहे. कानाचे आपण मनावरच घेत नाही. ज्याला ऐकू येत नाही त्याच्याशी कोणी बोलत नाही, आणि मग तो बोलणेच सोडतो. मोतीबिंदूचेही तेच. ऑपरेशन लांबवू नका.

घरात कोणी वारंवार विसरत असेल तर सरकारी दवाखान्यात न्या. केव्हापासून विसरतात, कोणत्या गोळ्या चालू आहेत, झोप आणि जेवण कसे आहे, हे कागदावर लिहून न्या. आता तुम्हाला लिहिता येते. कधी कधी थायरॉईडच्या बिघाडाने, बी-बारा जीवनसत्त्व कमी पडल्याने किंवा मनाच्या उदासीनेही विसर पडतो, आणि तो औषधाने बरा होऊ शकतो.