साखर आतूनही येते

परवा मिस्सा आटोपल्यावर एका शेतकरी बंधूंनी रक्ततपासणीचा कागद पुढे केला. "फादर, रात्री चहासुद्धा बिनसाखरेचा घेतला. मग उपाशीपोटी साखर 160 कशी?" उपाशीपोटी ती 100 च्या आत असावी, 126 किंवा अधिक पुन्हा पुन्हा आली की मधुमेह समजतात. त्यांचा राग लॅबोरेटरीवर होता. चूक मात्र तिची नव्हती.

बाहेरून न येता आतच जे उत्पन्न होते त्याला शास्त्रात अंतर्जन्य म्हणतात. शब्द जड, पण गोष्ट शेतातली आहे. खोडाची फांदी वरच्या डोळ्यातून फुटते. मुळाची उपशाखा मात्र गाभ्याजवळ जन्म घेऊन साल फोडून बाहेर येते. अर्थशास्त्रही असाच भेद करते. पावसाअभावी कांदा महागला तर कारण बाहेरचे. गेल्या वर्षीच्या भावाला भुलून सर्वांनीच कांदा लावला व भाव कोसळला, तर कारण बाजाराच्या आतले. दलालाला दोष देणे सोपे असते, इतकेच.

आता साखर. यकृत ही शरीरातील कणगीच होय. जेवणानंतर तिच्यात साखर साठते आणि पोट रिकामे असता ती रक्तात सोडली जाते. शिवाय यकृत प्रथिनांपासून नवी साखरही करते. पहाटे शरीरातील काही हॉर्मोन्स ह्या कामाला जोर देतात. निरोगी माणसात इन्शुलिन त्याला लगाम घालते. मधुमेह्याचा लगाम ढिला असतो.

म्हणून "आज खाल्लेच नाही, गोळी कशाला?" हा हिशेब चुकतो. ह्या बंधूंनीही तसेच केले होते. मेटफॉर्मिन ही नेहमीची गोळी मुख्यतः यकृतात तयार होणाऱ्या साखरेलाच आवर घालते. उलट, काही दुसऱ्या गोळ्या व इन्शुलिन घेऊन उपाशी राहिल्यास साखर एकदम उतरते. घाम, थरथर, भोवळ येते. तसे झाल्यास ताबडतोब साखरपाणी द्यावे. तेव्हा उपवासकाळापूर्वीच डॉक्टरांना विचारा, आपल्या मनाने काही बदलू नका. आजाऱ्याला उपवासाचे बंधन नाही, हेही घरच्या वडीलधाऱ्यांना सांगा.

ज्या मुलांच्या शरीरात इन्शुलिन जवळजवळ तयारच होत नाही, त्यांचे इंजेक्शन मूल तापाने जेवत नसले तरी बंद करू नये. प्रमाण डॉक्टर ठरवतील. पूर्वी अशी मुले फार काळ जगत नसत. जानेवारी 1922 मध्ये टोरोंटो येथे 14 वर्षांच्या एका मुलाला पहिले इंजेक्शन दिले गेले. तो पुढे 13 वर्षे जगला.