संकेतस्थळाच्या गाभ्यातील घटकांचे स्वतंत्र अद्ययावतीकरण

हैदराबादमधील महाविद्यालये प्रवेशाच्या सूचना, निकाल आणि 'नॅक'साठीचे वार्षिक गुणवत्ता अहवाल संकेतस्थळावर ठेवतात. पुष्कळदा संकेतस्थळाची देखभाल एखाद्या शिक्षकाकडेच सोपविलेली असते. म्हणून गाभ्यातील एखादा घटक स्वतंत्रपणे कसा बदलावा, हे शिक्षकांनी समजून घेणे उपयुक्त ठरेल.

'ड्रुपल' या आशय व्यवस्थापन प्रणालीचे उदाहरण घेऊ. जानेवारी २०११ मध्ये आलेल्या ड्रुपल ७ सोबत 'जेक्वेरी' या जावास्क्रिप्ट लायब्ररीची १.४.४ ही आवृत्ती होती. पुढे जेक्वेरीच्या नव्या आवृत्त्या आल्या, पण गाभ्यात जुनीच राहिली. 'जेक्वेरी अपडेट' या पूरक मॉड्यूलने गाभ्याच्या फाइलींना हात न लावता नवी आवृत्ती वापरण्याची सोय केली. फाइल थेट बदलली असती, तर पुढील अद्ययावतीकरणात तो बदल पुसला गेला असता. मात्र जुन्या आवृत्तीवर विसंबलेली मॉड्यूले अशा बदलाने बंद पडू शकतात. म्हणून प्रथम चाचणी-प्रतीवर तपासणी करावी.

हा उपाय संपूर्ण गाभ्याच्या अद्ययावतीकरणाला पर्याय नव्हे. १५ ऑक्टोबर २०१४ रोजी ड्रुपल ७ च्या डेटाबेस-विभागातील गंभीर त्रुटी जाहीर झाली. सात तासांत दुरुस्ती न झालेली संकेतस्थळे बाधित समजावीत, असे ड्रुपलच्या सुरक्षा पथकाने नंतर कळविले. ५ जानेवारी २०२५ रोजी या आवृत्तीचे अधिकृत साहाय्यही संपले.