मुक्तस्रोत परवान्याची निवड : व्यापारी वापराच्या संदर्भात

संशोधकाने आपली आज्ञावली मुक्तस्रोत म्हणून प्रसिद्ध करावी आणि पुढे एखाद्या व्यापारी संस्थेने तिच्यावर द्रव्यार्जन केले की अन्याय झाल्याचे म्हणावे, हा प्रकार वारंवार आढळतो. या तक्रारीचे मूळ बहुधा परवान्यातील शब्दांकडे झालेल्या दुर्लक्षात असते. मुक्तस्रोताच्या मान्य व्याख्येनुसार व्यापारी वापरास मनाई करताच येत नाही. तशी मनाई करणारा परवाना मुक्तस्रोत ठरत नाही. म्हणून खरा प्रश्न एवढाच उरतो की, वापराच्या मोबदल्यात कोणती अट घालावयाची?

एम.आय.टी. किंवा अपाची परवाना मुख्यतः कर्तृत्वाचा आणि परवान्याचा निर्देश कायम ठेवावयास सांगतो. ‘ग्नू’ सार्वजनिक परवाना, म्हणजेच जी.पी.एल., याहून पुढे जातो : आज्ञावलीचे वितरण करणाऱ्याने आपल्या फेरफारांसह मूळ संहिताही त्याच परवान्याखाली दिली पाहिजे. येथे ‘वितरण’ हा शब्द निर्णायक होय. जी संस्था आज्ञावली स्वतःच्या संगणकांवर चालवून केवळ तिची सेवा विकते, ती प्रत कोणासच देत नाही. सबब अट लागू होत नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी 2007 मधील अफेरो जी.पी.एल. परवान्याने, फेरफार केलेली आज्ञावली जालावरून वापरणाऱ्यांनाही मूळ संहिता मिळण्याची तरतूद केली.

निवड उशिरा बदलल्यास काय घडते, हे इलॅस्टिकसर्च या शोधप्रणालीच्या इतिहासावरून दिसते. ती अपाची परवान्याखाली उपलब्ध होती. 2015 पासून ॲमेझॉनने तिची सेवा विकण्यास आरंभ केला. 2021 मध्ये मूळ कंपनीने 7.11 या आवृत्तीपासून अधिक कडक परवाने लागू केले. परंतु आधीच्या आवृत्तीवर दिलेला हक्क परत घेता येत नसल्याने ॲमेझॉनने 7.10 वरून ‘ओपनसर्च’ ही स्वतंत्र शाखा निर्माण केली. 2024 मध्ये मूळ कंपनीने अफेरो जी.पी.एल.चा पर्याय खुला केला. तथापि दोन शाखा झाल्या त्या झाल्याच.

दुहेरी परवाना हा तिसरा मार्ग होय. स्टॅनफर्ड विद्यापीठाची ‘कोअर एन.एल.पी.’ ही भाषाविश्लेषणाची आज्ञावली जी.पी.एल.खाली सर्वांस खुली आहे. आपली संहिता उघड न करता तिचे वितरण करू इच्छिणाऱ्यास सशुल्क परवाना घेता येतो. मात्र असे दोन परवाने देण्यास सर्व लेखकांची संमती लागते. विभागातील आज्ञावलीत अनेक विद्यार्थ्यांचा हात असतो, आणि पदवी घेऊन गेलेल्या विद्यार्थ्याची संमती मागाहून मिळवणे दुष्कर असते.

यास्तव प्रथम प्रकाशनापूर्वीच तीन गोष्टी लेखी ठरवाव्यात : व्यापारी संस्थेकडून नामनिर्देश पुरेसा आहे, की फेरफारही परत हवेत; सेवेद्वारे होणारा वापर त्यात धरावयाचा काय; आणि स्वामित्वहक्क कोणाकडे राहावयाचा. यांची उत्तरे निश्चित झाली की परवान्याचे नाव शोधणे अवघड नाही.